चाळीस मिनिटांचा खुलासा

कोल्हापूर,
बुधवार, दुपारी जेवणानंतर

साडूभाऊ विजयसिंह यांस,

बाळासोचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण तुमच्या सायकलच्या सीटनं आठांपैकी तीन अंगं कामातून घालवली आहेत, तेव्हा उरलेल्या पाचांवर जो होईल तो गोड मानून घ्यावा. तुम्ही नात्यानं थोरले (वयानं दोन वर्षांनी धाकटे, पण आमच्या हिची बहीण थोरली, त्याला मी काय करणार), म्हणून आधी रीतीप्रमाणे विचारतो. अक्कांची शुगर कशी आहे? पुण्याची हवा काय म्हणते? तुमचा गुडघा? आणि ती नवी सायकल? बसायला टोचते म्हणे. ऐकून फार वाईट वाटलं. (वाटलं नाही, पण लिहायची पद्धत आहे.)

आता मुद्द्यावर येतो. सोमवारी तुम्ही घरच्या ग्रुपवर लिहिलंत की बाळासो सायकल चालवत नाहीत, गोठ्यात बांधून ठेवतात. फोनमधल्या सायकलच्या ॲपमध्ये सगळं दिसतं. रोज जेमतेम नऊ किलोमीटर आणि मधे चाळीस मिनिटं एकाच जागी उभे. वापर नसेल तर रविवारी गाडी घेऊन येतो आणि सायकल परत नेतो. त्याखाली सतरा जणांनी हसणारी तोंडं टाकली. त्यात आमचा ऋतुराज आहे, ज्याच्या बारावीच्या फॉर्मवर मी सह्या केल्या. आणि आमची ही आहे, जी त्या वेळी माझ्या शेजारीच शेंगा सोलत बसली होती. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मधे बोलता. पत्रात तुम्हाला बोलता येत नाही, हा पत्राचा मोठा गुण आहे. एकतीस वर्षं हेडक्लार्क म्हणून मी लोकांकडून खुलासे मागवले. माझ्याकडून आजवर कोणी मागवला नव्हता. तुम्ही मागवलात, तोही सतरा माणसांसमक्ष. तर हा घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे सायकल खुशाल न्या. रविवारपर्यंत तरी कशाला थांबता, शनिवारीच या. मी मागितली नव्हती. निवृत्तीला लोक शाल देतात, नारळ देतात, फार तर भिंतीवरचं घड्याळ देतात. तुम्ही स्वतःला नवी घ्यायची म्हणून जुनी आमच्या गळ्यात मारलीत आणि वर भाषण ठोकलंत की आता बाळासोंनी तब्येतीकडं लक्ष द्यावं. माझ्या तब्येतीला काय झालं होतं? सायकल आल्यापासून झालं.

तिला स्टँड नाही. एवढ्या मोलाची वस्तू आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहू शकत नाही! पहिले आठ दिवस मी रंकाळ्यावर भिंत शोधत हिंडलो. घंटी नाही, मडगार्ड नाही, क्यारेज नाही. गिअर मात्र एकवीस. त्यातले तीन मला कळले, बाकीचे अठरा आपापसात काय करतात ते करू देत. शेवटी आमच्या पेठेतल्या मल्लाप्पाच्या दुकानात नेली. त्यानं एका हातानं उचलून बघितली, कानाशी धरून हलवली आणि गंभीर होऊन म्हणाला, 'मास्तर, फसवलं की तुमास्नी. आतनं पोकळ हाय ही.' (मी मास्तर कधीच नव्हतो, पण चष्मा असला की मल्लाप्पा मास्तरच म्हणतो.) मग त्याच्याकडून दुहेरी स्टँड बसवला, क्यारेज बसवलं, मडगार्ड आणि चांगली दणकून वाजणारी पितळी घंटी बसवली. तुम्हाला हे बघून झीट येईल याची मला कल्पना आहे. यावी.

आणि ती तुम्ही दिलेली मागून गादी लावलेली चड्डी! आमच्या हिनं ती पुढच्या दोरीवर वाळत घालायला साफ नकार दिला. मागच्या दोरीवर घातली, तर शेजारच्या झुंबरबाईंनी विचारलं, घरात बाळ कोणाचं आलंय?

रस्त्यावरच्या लोकांचं तर बोलायलाच नको. पन्नाशी ओलांडलेला माणूस आपल्या खुशीनं सायकल मारतो, ही गोष्ट या जिल्ह्यात कोणाच्या डोक्यात शिरत नाही. गाडी बंद पडली काय? पेट्रोल संपलं काय? पोरं बघत न्हाईत व्हय? एकानं हँडलला हात घालून मला थांबवलं, एकवीस गिअर मोजले आणि विचारलं, 'एवढं पैसं घालून पायानंच मारायची व्हय?' याला काय उत्तर द्यायचं ते तुम्ही मला पुण्याहून लिहून पाठवा. गेल्या महिन्यात तर कळे गावापर्यंत जायचं ठरवून निघालो होतो. एका टेम्पोवाल्यानं आडवी गाडी घातली, 'चला पावणं, या वयात न्हाय जमायचं' म्हणत सायकल उचलून टोमॅटोच्या क्रेटवर टाकली, मला केबिनमध्ये बसवलं आणि मी नको नको म्हणत असताना मला माझ्याच दारात आणून सोडलं. त्याला चहा पाजावा लागला तो वेगळाच. त्या दिवशी तुमच्या ॲपनं माझा वेग ताशी बावन्न किलोमीटर नोंदवला आणि तुम्हीच, साडूभाऊ, ग्रुपवर टाळ्या वाजवल्यात. तेव्हा खुलासा मागावासा वाटला नाही?

आता ती चाळीस मिनिटं. याचंही मूळ तुमच्या ॲपमध्येच आहे. मला चढ नको म्हटल्यावर त्यानंच मला फुलेवाडीवरून बालिंग्याकडं जायचा सपाट रस्ता काढून दिला. मी त्या रस्त्यानं नऊ वर्षं गेलो नव्हतो. स्कूटरवर असतानाही लांबच्या वाटेनं जायचो, कारण त्या रस्त्यावर पिराजीचा गोठा आहे.

पिराजी तुम्हाला माहीत नसेल. लहानपणी आम्ही एका तालमीत होतो. एका शाळेत होतो, एकाच मास्तरांचा मार दोघांनी वाटून खाल्ला. नऊ वर्षांपूर्वी माझ्या पुतणीचं लग्न झालं, तेव्हापासून बोलणं बंद. कारण फेटा. मांडवात मानाचे फेटे बांधायचे, त्या नावांची यादी मी केली, कारण खानदानात अक्षर माझंच बरं. पहिल्या पानावर बावीस नावं बसली आणि पान संपलं. एकच नाव उरलं, ते मागच्या बाजूला लिहिलं. पिराजीचं. आणि कचेरीच्या सवयीनं पहिल्या पानाच्या तळाशी लिहिलं, कृ. मा. प., म्हणजे कृपया मागे पाहावे. माईकवरच्या गृहस्थानं मागे पाहिलं नाही. त्यानं दणदणीत आवाजात पुकारलं, 'कृ. मा. पाटील!' आता कोल्हापूर जिल्ह्यातल्या लग्नात पाटील म्हणून पुकारल्यावर कोणी उठणार नाही, असं होईल काय? एक उठला. त्यानं फेटा बांधून घेतला, फोटो काढून घेतला, पोटभर जेवला आणि गेला. तो आमच्याकडचा होता की नवऱ्याकडचा, हे आजतागायत कळलेलं नाही.

पिराजी न जेवता उठून गेला. मी चारचौघांत म्हणालो, एका फेट्यासाठी एवढं? ते त्याच्या कानावर गेलं. खरं तर त्याच संध्याकाळी मी त्याच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही. माझं काही चुकलेलं नाही, मी कृ. मा. प. लिहिलं होतं, एवढ्यावर मी नऊ वर्षं काढली.

तर तीन महिन्यांपूर्वी त्या गोठ्यासमोर, बरोबर दारातच, तुमच्या सायकलची चेन पडली. डोक्याला तुमचं हेल्मेट, डोळ्याला काळा चष्मा, धुळीसाठी तोंडाला रुमाल. पिराजी धार काढत होता, तो तसाच उठून आला. 'थांबा पावणं, हात काळं करू नका,' म्हणत त्यानं चेन बसवली, मला बाजेवर बसवलं आणि धारोष्ण दुधाचा ग्लास हातात दिला. माझ्याच गावात, माझ्याच दोस्तानं मला पावणं म्हटलं. मला एवढा राग आला म्हणून सांगू! पण बोललो असतो तर आवाज ओळखला असता, म्हणून नुसतं हूं केलं आणि रुमाल मिशीच्या वर उचलून दूध प्यालो.

दुसऱ्या दिवशी चेन पडली नाही. मी पाडली.

तेव्हापासून रोज जातो. मी हूं म्हणतो आणि पिराजी बोलतो. आणि काय बोलतो? त्याचा एक दोस्त होता, कचेरीत कारकून, अक्षर चांगलं पण काळीज टाकाचं, माणसापेक्षा कागद मोठा मानणारा. माझीच निंदा, मलाच, रोज, दूध पाजून. आणि मला मान डोलवावी लागते! मध्ये एकदा जोरात डोलवली तर म्हणाला, 'पावणं, तुमालाबी भेटलाय वाटतं असला कोण?' अशा जागी पाच मिनिटांत उठता येतं होय, साडूभाऊ? तुमच्या ॲपमध्ये एवढंच दिसतं की माणूस थांबला.

मागच्या शुक्रवारी तो म्हणाला, 'फेट्याचं काय न्हाय वो. पण मी त्या दिशी डोकं धुऊन गेलतो. बायकोला म्हनलं, फेटा नीट बसला पायजे.' हे मला नऊ वर्षं माहीत नव्हतं. हेल्मेट काढावं, रुमाल सोडावा आणि सांगून टाकावं असं फार वाटलं. धीर झाला नाही. आणि मग सोमवारी तुमचा तो संदेश! सायकल गेल्यावर मी त्या गोठ्यावर कोण म्हणून जाऊ? स्कूटरवरून बाळासो म्हणून? त्याला तो दूध पाजेल काय? तुम्हाला टोचत नाही अशी जुनी सीट हवी, तेवढ्यासाठी तुम्ही माझं काय उचलून नेताय, याची तुम्हाला कल्पना नाही. असो. वस्तू तुमची आहे. रविवारी या आणि घेऊन जा. स्टँड काढून मिळणार नाही.

अक्कांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, ग्रुपवरच्या हसणाऱ्या सतराही जणांना जे वाटेल ते सांगावं.

आपला, पाच अंगांनिशी,
बाळासो

ता. क. : रविवारी सकाळी येऊ नका, मी घरी नसतो. दुपारी झोपतो. संध्याकाळी चार ते सव्वाचार मोकळा आहे, पण त्या वेळी हिच्याकडं भिशीच्या बायका असतात.

कृ. मा. प. (हे तुम्हाला आहे. पाटील शोधत बसू नका.)

ता. क. दुसरा, गुरुवार सकाळ : कुरिअरवाला काल आला नाही ते बरं झालं. आज ग्लास हातात देताना पिराजी म्हणाला, 'पावणं, ते टोपडं काढा आता, टाळकं शिजंल.' मी मान हलवली. तर म्हणाला, 'काढ की बाळ्या. पयल्या दिशीच वळाखलंय मी. दूध पिऊन डाव्या बाहीला मिशी पुसणारा अख्ख्या जिल्ह्यात एकच हाय.' माझं डोकंच फिरलं. नव्वद दिवस मी त्या रुमालात उकडून निघालो! ओळखलं होतंस तर रोज शिव्या कशाला घातल्यास, म्हणून मी उभा राहून ओरडलो. त्यावर म्हणाला, 'आन घरी येऊन घातल्या असत्या तर बसून ऐकल्या असत्यास व्हय?' मग मी त्याला यादीचं सांगितलं. मागच्या बाजूचं नाव सांगितलं, कृ. मा. प. सांगितलं. त्यानं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हशी बिचकतील एवढ्यानं हसला, आणि त्यो पाटील कुठं घावला तर मला सांग, असं म्हणून डोळे पुसले. मीही पुसले, उजव्या बाहीला, डावी दुधाची होती. आज तुमच्या ॲपमध्ये दोन तास दिसतील. ग्रुपवर घाला.

ता. क. तिसरा (खरं काम) : सायकल मिळणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण तुम्ही नात्यानं थोरले. तुम्ही मात्र रविवारी नक्की या आणि येताना एक हेल्मेट आणा, केशरी रंगाचं, दुकानात असेल त्यातलं सगळ्यात मोठं. पिराजीनं माळ्यावरची जुनी काळी सायकल खाली काढली आहे आणि त्याचं डोकं पहिल्यापासून मोठं आहे (दोन्ही अर्थांनी). सोमवारी सकाळी सात वाजता गोठ्यावर त्याच्या डोक्यावर ते मी माझ्या हातानं चढवणार आहे. माईक नाही, म्हणून आधी मल्लाप्पाची घंटी वाजवू आणि मग मीच पुकारीन. यादी करून ठेवली आहे. एकच नाव आहे आणि ते पुढच्या बाजूला आहे. पिराजीला डोकं धुऊन यायला सांगितलं आहे.