झिजलेलं किलो

३ जानेवारी

चि. शंकेखोर हिस,
अनेक आशीर्वाद.

तू तर्कशास्त्र शिकवतेस, म्हणून आधी तुलाच कळवतो. वजनकाटे दुरुस्तीचं दुकान महिनाअखेर बंद करतोय. औषधवाला आणि बेकरीवाला, दोघांनीही मी लावून दिलेले काटे परत आणले. वजन जास्त दाखवतात म्हणे. माझं किलोचं वजन ठेवून पाहिलं, तर काटे चोख. ते वजन दुकानातल्या काट्यावर तपासलं, तेही चोख. म्हणजे बिघडलंय ते माझं डोकं. काकू म्हणते, उगाच मनाला लावून घेऊ नका. पण चाळीस वर्षांचा हात भरवशाचा राहिला नाही, याचं फार वाईट वाटतं गं.

तुझा,
काका

९ जानेवारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडू आलं आणि रागही. डोकं बिघडल्याचा निकाल दिला कोणी? त्याच डोक्याने! ते बिघडलं असेल, तर त्याचा निकाल मानायचा कशाला? आणि निकाल बरोबर असेल, तर डोकं शाबूत आहे. हा पेच फळ्यावर मांडला की मुलं खो खो हसतात. तुम्ही मात्र त्यापायी दुकान बंद करायला निघालात.

शिवाय दुकानातला काटा तुम्ही लावता कशाने? त्याच वजनाने ना? मग तो त्या वजनाविरुद्ध बोलेल कसा? साक्षीदार बाहेरचाच हवा. समोरच्या दुकानदाराचाही हाच धंदा. अकरा वर्षं अबोला आहे, ठाऊक आहे. तरी जा. माझ्यावर हवं तेवढं चिडा, पण लोभ कमी करू नका.

आपली,
पुतणी

१८ जानेवारी

चि. शंकेखोर हिस,
आशीर्वाद.

नाक मुठीत धरून गेलो. समोरच्याने माझं वजन त्याच्या काट्यावर ठेवलं. दोन ग्रॅम कमी! सरकारी शिक्क्याचं नवं वजन आणलं, त्याच्यापुढेही तेवढंच कमी. रोज पावडरीने घासून ते लखलखीत ठेवायची माझी हौस, झिजवलं मीच. त्यावरून लावलेले काटे जास्त दाखवणारच. काकू पोट धरून हसली. दोन्ही गिऱ्हाइकांकडे जाऊन माफी मागितली, काटे नीट लावून दिले. छातीवरचा धोंडा उतरला बघ.

काल सकाळी समोरचा स्वतः पायरी चढून आला. फडक्यात गुंडाळलेलं त्याचं वजन पुढे केलं आणि म्हणाला, नव्याशी ताडून बघा. मग घुटमळला. हल्ली त्यालाही आपल्या डोक्याची शंका येते, पण विचारायचं कोणाला, म्हणाला. त्याचं वजन चोख निघालं. तरी तो दुपारपर्यंत उठला नाही.

आमच्यावर माया अशीच राहू दे.

तुझा दुकानदार काका