कसारा घाट गिअरमध्ये उतरा

ती. बाबांना स्पितीहून भाविकचा नमस्कार.

मी ठणठणीत हाय. आईचा गुडघा कसा हाय? इथं उंचीवर भात नीट शिजत न्हाय, पण ते तिला सांगू नका.

"पोराला टेम्पो झेपत न्हाय," असं अख्ख्या दापोड्यात सांगत होतात ना? काल मी फोर बाय फोर जीप घेऊन कुंझुमची खिंड पार केली. रस्ता म्हणजे नुसते धोंडे आणि बर्फाचं पाणी. इथल्या बकऱ्या केवढ्या केसाळ! असो.

उतारावर तुमची शिकवण आठवली. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली. दोन वळणांत चाकांतून धूर, ब्रेक लागेना. डोंगराला घासून थांबवली. शेजारी बसलेला जीपमालक ओरडला, "किसने सिखाया बे?" मी तुमचं नाव न्हाय घेतलं. मग पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखा खाली आलो.

तुम्ही भरलेला टेम्पो कसारा घाटात अजून तसाच सोडता. मला शिव्या द्या, पण ते बंद करा. आईला शेजारी बसवून एकदा घाट गिअरमध्ये उतरा. तिनं फोनवर सांगितलं तरच दिवाळीला येईन. तुमच्या शब्दावर न्हाय.

तुमच्यावरच गेलेला,
भाविक