यादीतलं बेचाळिसावं नाव

८ ऑक्टोबर
आजपासून मोहीम. नगरपरिषदेची निवडणूक तोंडावर आली आणि आमच्या वॉर्डाच्या मतदार यादीत एक्केचाळीस मेलेली माणसं अजून सुखाने नांदताहेत. स्वतः मोजली. त्यातले तिघे माझ्या लग्नात पंगतीला वाढायला होते.
संकल्प : एक, दोन्ही पुढाऱ्यांची या विषयावरची भूमिका घेणे. दोन, तिचा तक्ता करून साप्ताहिकातल्या माझ्या सदरात छापणे. तीन, चहा दिवसातून दोनदाच.
आमदार कल्याणराव सत्तेत आहेत, माजी आमदार धनश्रीताई विरोधात. पाच वर्षांपूर्वी उलट होतं. तेव्हा यादी सडलेली आहे म्हणून कल्याणराव उपोषणाला बसले होते आणि ताईंना ती आरशासारखी स्वच्छ दिसत होती. आता ताई मोर्चा काढताहेत आणि आरसा कल्याणरावांच्या हातात आहे.
नीलांबरीचंही नाव यादीत आहे. तिला जाऊन फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. ते एक्केचाळिसात धरलेलं नाही. कारण तांत्रिक आहे. तपास चालू असताना एक नमुना जपून ठेवावा लागतो.

११ ऑक्टोबर
झुंबरबाई आल्या. अंगणवाडी सांभाळून मतदार यादीचं काम बघतात. वॉर्डात कोण जन्मलं आणि कोण गेलं, दोन्ही त्यांना तोंडपाठ. नाव वगळायचा नमुना ७ पुढे केला. म्हणाल्या, सर, काकूंचा दाखला हाय ना तुमच्याकडं? मंग सही करा, पाच मिन्टाचं काम हाय.
योग्य वेळी करू म्हटलं.
म्हणाल्या, मागल्या साली बी असंच म्हनला हुता.
चहा केला. साखर घालायची राहिली. बाई तसाच प्यायल्या. (तिसरा चहा. पाहुण्यांचा मोजत नाही.)

१६ ऑक्टोबर
कल्याणरावांची भेट. दोन तास बाकावर, चार मिनिटं आत. माझाच विद्यार्थी, राज्यशास्त्रात काठावर पास. अजून उभं राहून सर म्हणतो. मृतांची नावं कधी काढणार, विचारलं. म्हणाला, सर, सरकार सकारात्मक आहे, योग्य वेळी निर्णय होईल.
तक्त्यात लिहिलं : पळपुटा.
संध्याकाळी धनश्रीताईंना फोन. शंभर टक्के शुद्धीकरणाला कटिबद्ध, म्हणाल्या. मग तुमच्या कैलासवासी सासऱ्यांचं नाव यादीत कसं, असं विचारल्यावर आवाज खाली आला. म्हणाल्या, सर, घरातल्या गोष्टी यात आणू नका.
तक्त्यात लिहिलं : दुटप्पी. सदर जोरदार होणार.

२२ ऑक्टोबर
दिवाळी. सणासुदीला नमुना ७ वगैरे भरणं बरं दिसत नाही.
मनवा पुण्याहून आली आहे. कपाट आवरताना तिच्या आईचा मोबाईल सापडला. चार्ज केलेला. म्हणाली, बाबा, तुम्ही अजून रिचार्ज करता? म्हटलं, गॅस त्याच नंबरवर बुक होतो. म्हणाली, नंबर बदलता येतो, बाबा. म्हटलं, ती प्रक्रिया फार किचकट आहे.
प्रक्रिया काय आहे ते बघायला हवं एकदा.

२७ ऑक्टोबर
नवी यादी आली. मोहिमेचा भाग म्हणून बारकाईने वाचली. क्रमांक ६१३, नीलांबरी. पतीचे नाव : मार्तंड. वय : ५४.
गेली तेव्हा बावन्न होती. म्हणजे यादी दर वर्षी तिचं वय वाढवते. गंभीर त्रुटी आहे. घरात तर ती बावन्नावरच थांबलीय. सदरात याचा उल्लेख करायचा, असं ठरवलं. नंतर ठरवलं, नको.
पुढच्या यादीत पंचावन्न होईल. चष्म्याचा नंबर वाढला असता.

४ नोव्हेंबर
चौकात कल्याणरावांची सभा. प्रश्न विचारायला हात वर केला. तयारी कडक होती. एक्केचाळीस नावं घडाघडा वाचली, मध्ये एकदाही अडखळलो नाही. लोक हसले, टाळ्या पडल्या. शेवटी विचारलं, यातल्या कुणाचा फोन येतो का तुम्हाला, आमदारसाहेब?
कल्याणराव हसला नाही. माईक बाजूला धरला आणि पायऱ्या उतरून माझ्यापाशी आला. हळू म्हणाला, सर, बेचाळीस आहेत. काकूंच्या दहाव्याला मी आलो होतो.
मग वर जाऊन माईकवर म्हणाला, सरांची सूचना स्वागतार्ह आहे.
हा आकडा चौकाला ऐकवला असता तर बरं झालं असतं. उत्तर देता आलं असतं.
तक्त्यातलं 'पळपुटा' खोडलं. दुसरा शब्द सुचला की लिहीन.

१७ नोव्हेंबर
झुंबरबाईंनी आजची मुदत दिली होती. फॉर्म काढला. निळं पेन चालत नव्हतं. काळं चाललं, पण काळ्याने भरावं की नाही याबद्दल खात्री नव्हती. मग दाखला सापडेना. (सापडला होता. तिच्या साड्यांखाली आहे, तिथेच ठेवला.)
साडेपाच वाजले. कचेरी बंद झाली असणार. आमच्याकडे वेळेचं काय ते कडक असतं.

१ डिसेंबर
मतदानाच्या चिठ्ठ्या आल्या. दोन. दोन्ही देवघरापाशी ठेवल्या. दर निवडणुकीत तिथेच ठेवतो.
उद्याचा संकल्प : केंद्राबाहेर कडुनिंबाखाली सकाळपासून ठाण मांडायचं. एक्केचाळिसांपैकी एकालाही मत देऊ द्यायचं नाही.

२ डिसेंबर, सकाळी ८.३०
मत दिलं. जाताना कल्याणरावांच्या पक्षाच्या टेबलावर चिठ्ठी दाखवली. बाहेरगावचा कार्यकर्ता होता, पन्नाशीचा, नम्र. यादीवर बोट ठेवून म्हणाला, आणि वहिनी?
म्हटलं, येते मागून.
सवयीने गेलं तोंडातून. अठ्ठावीस वर्षं हेच सांगत आलोय. ती माझ्याबरोबर कधी आलीच नाही. चारच्या सुमाराला एकटी यायची. कुणाला मत दिलंस, विचारलं की म्हणायची, गुप्त मतदान तुम्हीच शिकवता ना पोरांना?
दुरुस्ती करायला मागे वळलो होतो. गर्दी होती.

दुपारी २.००
कडुनिंबाखाली. पहारा चोख. झुंबरबाई आत मदतीच्या टेबलावर आहेत, त्यांच्याजवळ यादीची प्रत दिलीय. एक्केचाळिसांपैकी कुणी उगवलं की कळवा म्हटलं. एकही नाही. माझा धाक असावा.

संध्याकाळी ५.४०
झुंबरबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, सर, तुमच्या एक्केचाळीस मान्सांपैकी कुनी बी आलं न्हाई. मी म्हटलं, बघा. त्या तशाच उभ्या. पदर सारखा करत होत्या. मग म्हणाल्या, रागावू नगा. काकूंचं मत पडलं. सव्वाचारला. मी पानी प्यायला उठले हुते.
अंगठा की सही, विचारलं. मला हेच का सुचलं, माहीत नाही.
म्हणाल्या, सही हाय. लई वळनदार.
नीलांबरीची सही वळणदार कधीच नव्हती. बँकेतून दोनदा परत आली होती.
तक्रार करावी लागेल. केंद्रावरचे साहेब पहिला प्रश्न विचारणार, मृत बाई मतदानाला येणार असं सांगितलं कुणी? त्याचं उत्तर तयार केल्याशिवाय आत जाण्यात अर्थ नाही.
सहा वाजेपर्यंत तयार झालं नाही.

४ डिसेंबर
संपादकांचा फोन, तक्ता कुठाय? म्हटलं, दोन्ही बाजूंचा अभ्यास अपुरा आहे.
नमुना ७ भरला. निळ्या पेनने, चालत होतं. वगळण्याचे कारण : मृत्यू. अर्जदाराचे नाते : पती. झुंबरबाईंनी पोच दिली. म्हणाल्या, सर, फुडल्या यादीत आता काकू न्हाई यायच्या. बरं म्हटलं. म्हणाल्या, चहा करू का तुमाला? त्यांनी केला, साखर घालून.
येताना मंडईत गेलो. आपल्या गावात एक बाई फिरते आहे, जिच्या बोटावर नीलांबरीच्या नावाची शाई आहे. आठ-पंधरा दिवस राहील, मग जाईल. तोवर एकदा दिसली, तर भांडायचं नव्हतं. एवढंच विचारायचं होतं, कुणाला दिलं?
मेथी निवडणाऱ्या, पैसे मोजणाऱ्या, पिशव्या धरलेल्या बायकांच्या बोटांकडे तासभर बघत उभा राहिलो.
सगळ्यांच्याच बोटांना शाई होती.