उपासाची रताळी, बोंबलाच्या शेजारी

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोज लिहायचं. गोराईच्या आमच्या वाडीत रताळ्याचे वेल लावले. महाशिवरात्रीला अख्खी बोरिवली उपाशी असते आणि उपाशी माणूस भाव करत नाही. हे डोकं गावात फक्त माझं. मंजुळाला सांगितलं, तुझे गुडघे गेले, आता मासळी विकणं बंद. बाजारातला ओटा धाकट्या जावेला, सपनाला देऊन टाक. ती म्हणाली, ओटा सासूबाईंचा आहे, आधी पीक तर येऊ दे. बायकोला व्हिजन नाही.

९ नोव्हेंबर
रोज लिहिणं जमलं नाही. युरिया टाकला. शेजारच्या वाडीत दरवर्षी रताळी लावणारा मधुकरदादा म्हणाला मूठभर पुरे, जास्त टाकलास तर नुसता पाला माजेल. दादाने जन्मभर सगळं मूठभरच केलं, म्हणून तो तिथेच आहे. मी गोणी रिकामी केली.

१४ डिसेंबर
झकास. वेल कुंपणाबाहेर गेलेत. दादा बघून मान हलवत निघून गेला. जळतो.
मंजुळाने शेवटी ओटा सपनाला दिला. तुमची रोजची कटकट ऐकून कंटाळले, म्हणाली. म्हणजे पटलं.

१८ जानेवारी
शिवरात्रीच्या तोंडावर सगळेच खणतात, म्हणून मी आधीच खणली. पाला गुडघाभर, रताळी बोटाएवढी. नाजूक म्हणून जास्त खपतील. मेहुणा प्रज्योत याचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे बोंबलाच्या शेजारी गोणी ठेवल्या. तो म्हणत होता, भावोजी, रताळ्याला थंडी सोसत नाही, घरातच कोरड्या जागी ठेवा. थंडीत बोंबील टिकतो आणि रताळं टिकणार नाही? सायन्स कळायला शिक्षण लागतं.

१४ फेब्रुवारी
बोरिवलीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी रुचिरा मॅडम. सगळ्या बिल्डिंगची ऑर्डर. पोचवून आलो. लिफ्टमध्ये एक बाई नाक धरून होती, सर्दी असेल.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
मॅडमचा फोन. रताळी तासभर उकडली तरी आतून लाकूड, कापली तर काळी. शिवाय सगळ्या मजल्यांवर बोंबलाचा वास. उपासाच्या दिवशी. वासाने उपास मोडत नाही, हे मी शांतपणे समजावलं. त्यांनी फोन ठेवला. गोणी परत आल्या.
दादाची रताळी कालच संपली म्हणे. नशीब.
मंजुळाने आमच्यातली चार उकडली. एक घास घेतला, ताट सरकवलं आणि पाण्यावर उपास काढला. जरा खाल्लं असतं तर मला बरं वाटलं असतं.

१७ फेब्रुवारी
सपना ओटा परत द्यायला तयार नाही. आता गिऱ्हाईक माझं झालंय, म्हणते. माणसं किती स्वार्थी असतात. मंजुळा आज बाजाराबाहेर फुटपाथवर मासळीची पाटी घेऊन बसली. संध्याकाळी भिंत धरत घरात आली. मी तिला सांगत होतो की युरियाच भेसळीचा असणार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझी बसायची जागा गेली. एवढं लिवा तुमच्या वहीत.”
लिहिलं. फुटपाथवर निदान वारा तरी लागतो.