मोकळं होणं

कोल्हापूर, रविवार, ३ डिसेंबर १८९९

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पोटची रूथ प्लेगनं गेली, तरी मी ‘प्रभू, तुझी इच्छा’ म्हणून ताठ उभा राहिलो, म्हणून. घरी आल्यावर माझी बायको मार्था चुलीपाशी बसूनच म्हणाली, “तुमचं बरं हाय. पोर देवाच्या हवाली करून मोकळं झालासा.”

झालो का मोकळा? रूथ तापानं तळमळत होती तेव्हा मी प्रार्थनामंदिरात गुडघे टेकून होतो. तिच्याजवळ बसायचं धैर्य नव्हतं, आणि त्यालाच मी समर्पण म्हणत होतो.

हे मार्थाला सांगितलं. तिनं सरकून चुलीपाशी जागा दिली. दोघंही रडलो. ‘तुझी इच्छा’ मात्र आज तोंडातून निघेना. प्रभू, खरंच निघेपर्यंत थांबशील ना?