समुद्राकडे पाठ

मंगळवार, ८ एप्रिल १९८६
‘समुद्राकडे पाठ’ तिसऱ्या नंबरवर! चार लाख प्रती खपल्या. माझं आणि सोलेनचं द्वंद्वगीत. तबकडीच्या पाकिटावर मात्र सोलेनचं नाव वर, माझं खाली. त्यात दुकानदार किमतीचा स्टिकर नेमका माझ्या नावावर चिकटवतात. कट असावा.

गाण्यात तिला अठ्ठावीस ओळी, मला चार. मोजणारे मोजोत. बटाट्याच्या ग्रातँमध्ये जायफळ चिमूटभरच घालतात, पण त्याशिवाय चव आहे का? माझ्या ओळी मी गात नाही, बोलतो. रेकॉर्डिंगला पहिलीच ओळ गायलो आणि निर्माता बार्बू म्हणाला, ‘तू आपला बोलच.’ माणसाला पारख आहे.

संकल्प : सिगारेट बंद. पाकिटावर नाव वर. सुट्ट्यांच्या आत माझी स्वतंत्र तबकडी.

शनिवार, १२ एप्रिल
टीव्हीवर पहिल्यांदा. तिथे सगळे मागे लावलेल्या तबकडीबरोबर नुसते ओठ हलवतात. माइकला वायरसुद्धा नसते. सोलेन तरीही जीव तोडून खरंच गाते. वेडी आहे.

मी आज एक अस्सल कल्पना काढली. पांढरा कोट, काळा चष्मा आणि पूर्ण गाणंभर कॅमेऱ्याकडे पाठ. शेवटच्या ओळीला फक्त अर्धवट वळायचं. गूढता! बार्बू एकदम खूश. म्हणाला, ‘जितका कमी दिसशील तितकं बरं.’ माझी उंची आणि दिवे लावणाऱ्या फेर्नांची उंची सारखी. म्हणून तालमीत त्याला माझ्या जागी उभं करून दिवे जुळवले. मी तोवर कॉफी प्यायलो. मोठ्या कलाकारांचं असंच असतं.

कार्यक्रम संपल्यावर तुरक्वँहून आईचा फोन. म्हणाली, ‘पाठ करून काय उभा राहतोस रे? शेजारच्या मादाम लेकोंतना काय दाखवू मी, तुझा कोट? आणि पोक काढू नकोस. जरा हसत जा.’ आईला आधुनिक कला समजत नाही. वाफल मात्र पाठवणार आहे.

मंगळवार, २९ एप्रिल
पहिला नंबर!! साडेसहा लाख.

बेकरीत गेलो. बेकरीवालीने ओळखलं नाही. बाहेर येऊन काळा चष्मा लावला आणि परत गेलो. ‘डोळे आलेत का तुमचे?’ म्हणाली. याचा अर्थ गूढता काम करते आहे.

बार्बूकडे नावाचा विषय काढला. सोलेन तिथेच होती. म्हणाली, ‘त्याचंच नाव टाका ना वर, माझं काही अडत नाही.’ काय डावपेच! मी तिच्याकडे थंड नजरेने पाहिलं. चष्म्यामुळे तिला दिसलं नसावं. बार्बू म्हणाला, नवी पाकिटं छापायची नाहीत. सिगारेट तीनच.

मंगळवार, ६ मे
संप! आमच्या रक्तातच आहे तो. बाबांनी सूतगिरणी एकोणीस दिवस बंद पाडली होती. बार्बूला सांगून टाकलं, नाव वर येईपर्यंत रेजिस वांडेवाल टीव्हीवर दिसणार नाही. द्वंद्वगीताला दोन माणसं लागतात, हे शाळेतलं पोरही सांगेल.

बार्बू म्हणाला, ‘बाबा रे, एक कोंबडा आरवला नाही म्हणून उजाडायचं राहतं का?’ घाबरलाय. शनिवारी सकाळी नाक मुठीत धरून येतो की नाही बघा. संपाच्या काळात सिगारेटला सूट.

शनिवार, १० मे, संध्याकाळी सहा
अजून आला नाही. फोन दोनदा उचलून पाहिला. चालू आहे. आईला संपाचं सांगितलेलं नाही, तिला उगाच काळजी. एंडिव्हची भाजी शिजत ठेवली होती, करपली.

त्याच दिवशी, साडेआठ
टीव्हीवर सोलेन आली. शेजारी पांढरा कोट, काळा चष्मा, कॅमेऱ्याकडे पाठ. फेर्नां! माझ्या कोटात! माझ्या चार ओळी तबकडीवर माझ्याच आवाजात वाजत होत्या आणि ओठ त्या दिवेवाल्याचे. शेवटच्या ओळीला अर्धवट नाही, पूर्ण वळला आणि चक्क हसला. टाळ्या थांबेनात. लोकांना सुचेनासं झालं असणार. उद्या देश पेटेल.

फोन वाजला. बार्बूच. मुद्दाम चारदा वाजू दिला.

आई होती. ‘बाळा, आज किती गोड दिसलास रे! हसलास एकदाचा! खांदे कसे ताठ! मादाम लेकोंत म्हणाल्या, पॅरिस मानवलं हो पोराला.’

माझ्या आईने. परक्यांचं काय घेऊन बसलात, माझ्या आईने. फार लागलं. ‘थँक्यू’ म्हणालो आणि फोन ठेवला.

मंगळवार, २० मे
दहा लाख. देश पेटला नाही. टीव्हीवाल्यांकडे तक्रारीचं एकच पत्र आलं, तेही सोलेनच्या बाह्यांबद्दल. लोक अजून धक्क्यात आहेत.

प्लॅटिनमची तबकडी फेर्नांने स्वीकारली. पेपरात फोटो आहे, खाली नाव माझं. निदान नाव आलं. स्वतंत्र तबकडीचं विचारलं तर बार्बू म्हणाला, ‘चार ओळी दोन्ही बाजूंना पुरवू कशा?’

संप चालू. बाबांचा विक्रम मोडायला आता पाचच दिवस.

गुरुवार, ५ जून
बार्बूचा फोन! अडला हरी शेवटी आलाच. शनिवारी फेर्नांच्या बहिणीचं लग्न आहे. त्याच्या जागी उभं राहायला कुणीतरी हवं. ‘उंची सारखी आहे म्हणून तुझं नाव सुचलं,’ म्हणाला. ‘एकदाच. आणि मनाचं काही करू नकोस, फेर्नां करतो तसंच कर.’

नावाची अट मोठ्या मनाने सोडली. फार विनवत होता, असं म्हणायला हरकत नाही.

शनिवार, ७ जून, रात्री नऊ
कोट मला नीट बसेना. फेर्नांच्या मापाने नवा शिवलाय, खांद्यात लोंबतो. तरी उभा राहिलो. शेवटी पूर्ण वळलो. हसलो. बाहेर पडताना सोलेनने विचारलं, ‘तू बरा आहेस ना?’ डावपेच नसावा. लागोपाठ दोन सिगारेटी ओढल्या.

घरी पोचलो तर आईचा फोन.

म्हणाली, ‘आज तुझं काही खरं नव्हतं बाळा. कोट लोंबत होता, हसू उसनं वाटत होतं. मधले तीन-चार शनिवार कसा छान उभा राहायचास! तसाच राहत जा की.’

प्रयत्न करतो म्हणालो.