सोमवारच्या उपासाची पांढरी वडी

साखरा,
बुधवार, ता. १७ ऑगस्ट १९३८

चि. सोनाजीस आक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. पंचमीला माहेरी आले ती अजून इथेच आहे. मूग फुलावर आलाय. माय ठणठणीत आहे आणि तिचं तोंडही.

पार्सल मिळालं. वेष्टनं भिजली म्हणून सिकंदराबादच्या तुझ्या मालकाने दिलेलं पांढरं चॉकलेट निर्मलाने पातळ करून थाळीत ओतलं आणि वड्या पाडल्या, असं तू लिहिलंस. वड्या इतक्या सुबक की खव्याच्याच वाटाव्यात. पुढचं लिहायला मात्र हात कचरतोय.

तू तांड्यावरच्या निर्मलाशी लग्न केलंस तेव्हापासून तुझ्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही मायची शपथ तुला ठाऊक आहे. तरी सोमवारी, ऐन उपासाला, मी तिच्यापुढे वडी धरली. "कुठली गं?" "औंढ्याची, खव्याची," मी बेधडक सांगितलं. तिने खाल्ली, वर दुसरी मागितली. तेव्हा माझं धाबं दणाणलं. शपथ तर मोडलीच, उपासही मोडला असेल तर?

शेवटी वड्या तुझ्याकडच्या आहेत हे कबूल केलं, तुझं पत्र काढलं आणि वडीत काय काय आहे तेवढं वाचून दाखवलं. दूध, साखर, कोकोच्या बियांचं तूप. बियांची तपकिरी पूड नाही, म्हणून काही साहेब याला चॉकलेट मानतच नाहीत.

आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण माय म्हणाली, "धान्य न्हाई, अंडं न्हाई. शेंगदाणा चालतो, तर ही कोकोची बी काहून न्हाई? उपास बराबर हाय." आणि मग, "तूप त्याच बीचं ना? मंग निस्ता रंग पाहून त्याला घराबाहेर काहून काढून राहिले?"

बोलली आणि ते तिचं तिलाच लागलं. वड्या जवळ ओढत विचारलं, "वड्या कोणी पाडल्या?" मी निर्मलाचं नाव घेतलं. तिने तिसरी वडी उचलली, अर्धी मोडून मला दिली. मला रडू आवरेना.

सोनू, मायच्या भीतीने मी तुझ्या लग्नाला आले नाही. त्याची मला फार लाज वाटते.

खालचं माय सांगतेय, मी लिहून घेतेय.

"पोळ्याला दोघं या. पुरण निर्मला घालंल, मी बसून खाईन. आता उशीर करू नगा."

सोनाजीची आन निर्मलाची माय,
द्वारकाबाई (अंगठा)